मुदतीसह म्युटेक्स लॉक घेणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मराठी माध्यमात शिकून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींना ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय इंग्रजीत शिकावा लागतो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशा तिठ्यावर थ्रेड, लॉक, डेडलॉक हे शब्द पाठ होतात, पण परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रोग्राम अडकून पडला की त्याचे काय करावे हे सुचत नाही. रविवारच्या शिकवणीत आणि कामावर नव्याने रुजू झालेल्यांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. 'म्युटेक्स'ला 'परस्परवर्जक' असा शब्द कोशात सापडेल, पण तो कोणी बोलत नाही, म्हणून मीही तो वापरलेला नाही.

म्युटेक्स म्हणजे नेमके काय, आणि त्याला मुदत कशासाठी हवी?

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काटा एकच असतो आणि त्यावर एका वेळी एकच वाहन उभे राहू शकते. पहिले उतरल्याशिवाय दुसऱ्याने चाक टेकवले तर दोघांचेही वजन चुकते. प्रोग्राममधील सामायिक माहिती म्हणजे हा काटा, थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी स्वतंत्र कामे) म्हणजे वाहने, आणि 'काट्यावर आता मी आहे' असे सांगणारी खूण म्हणजे म्युटेक्स. ज्या थ्रेडने लॉक घेतला त्यानेच तो सोडायचा, आणि तोपर्यंत इतरांनी थांबायचे, एवढाच नियम आहे.

साध्या लॉकमध्ये थांबणाऱ्याला अंत नसतो. काट्यावरचे वाहन बंद पडले तर मागची सारी रांग, कितीही तास लागले तरी, मुकाट्याने उभी राहते. मुदतीसह लॉक मागणारा थ्रेड मात्र 'मी तीन सेकंद वाट पाहीन, तेवढ्यात मिळाला तर ठीक, नाही तर मला तसे सांगा' असे म्हणतो. तीन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर फंक्शन अपयश कळवून परत येते आणि पुढचा निर्णय तुमच्या हाती राहतो. हा निर्णय काय असेल, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर मुदत लावण्याचा उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढची बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने याच मुद्द्यापाशी येतात.

साधा लॉक, ट्राय-लॉक आणि मुदतीचा लॉक यांत फरक काय?

साधा लॉक मिळेपर्यंत थांबतो. ट्राय-लॉक अजिबात थांबत नाही. लॉक मोकळा असेल तर घेतो, नसेल तर तत्काळ 'नाही' म्हणून परततो. मुदतीचा लॉक या दोहोंच्या मधला आहे. लॉक मोकळा असेल तर मुदत उलटून गेलेली असली तरी पॉझिक्सच्या (युनिक्स धर्तीच्या सिस्टिमसाठी ठरवलेल्या प्रमाणाच्या) नियमानुसार तो मिळतोच, म्हणजे मुदतीचा प्रश्न येतो तो थांबण्याची वेळ आली तरच. सी++ मधील ट्राय-लॉकबाबत एक बारकावा असा, की लॉक कोणाकडे नसतानाही त्याने क्वचित 'नाही' म्हणण्यास भाषेच्या प्रमाणाची (स्टँडर्डची) मुभा आहे. त्यामुळे ट्राय-लॉक फसला म्हणजे लॉक दुसऱ्याकडे होताच, असा निष्कर्ष काढू नये.

कोणत्या भाषेत ही सोय आहे?

सी मध्ये पॉझिक्स थ्रेड वापरत असाल तर 'पीथ्रेड म्युटेक्स टाइम्डलॉक' हे फंक्शन आहे, आणि २०११ च्या सी प्रमाणात त्याच धर्तीचे 'एमटीएक्स टाइम्डलॉक' आले. सी++११ मध्ये साध्या म्युटेक्सला मुदत लावता येत नाही. त्यासाठी 'टाइम्ड म्युटेक्स' हा वेगळा प्रकार घ्यावा लागतो आणि त्यावर 'ट्राय लॉक फॉर' व 'ट्राय लॉक अंटिल' ही दोन फंक्शन्स मिळतात. जावामध्ये 'सिंक्रोनाइज्ड' हा शब्द वापरला की मुदतीची वाट बंद होते. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासूनच्या 'रीएंट्रंट लॉक'चा 'ट्रायलॉक' मात्र वेळ आणि एकक घेतो. सी शार्पमधील 'लॉक' या शब्दालाही मुदत नाही, तेथे 'मॉनिटर'चे 'ट्रायएंटर' वापरावे. पायथनमध्ये ३.२ या आवृत्तीपासून लॉकच्या 'अक्वायर'ला टाइमआउट, म्हणजे मुदत, देता येतो. विंडोजवर 'वेट फॉर सिंगल ऑब्जेक्ट' मिलिसेकंदांत मुदत घेते, परंतु तेथेच असलेल्या 'क्रिटिकल सेक्शन'ला मुदतीची सोय नाही. रस्टच्या मानक ग्रंथालयातील (लायब्ररीतील) म्युटेक्सलाही ती नाही.

गो या भाषेविषयी इतक्यांदा विचारले जाते की त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

मुदत 'इतके सेकंद' अशी द्यायची की 'अमुक वेळेपर्यंत' अशी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा तो हाच. जावा, पायथन व विंडोजमध्ये मुदत कालावधीच्या रूपात दिली जाते, म्हणजे 'येथून पुढे तीन सेकंद'. पॉझिक्सच्या टाइम्डलॉकला मात्र घड्याळातील नेमकी वेळ द्यावी लागते, म्हणजे 'दहा वाजून पाच मिनिटे तीन सेकंदांपर्यंत'. नवखा माणूस तेथे नुसता ३ हा आकडा भरतो. त्याचा अर्थ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीनंतरचा तिसरा सेकंद असा होतो, ती वेळ केव्हाच उलटलेली असते, आणि लॉक दुसऱ्याकडे असेल तर फंक्शन क्षणाचाही विलंब न लावता टाइमआउट, म्हणजे मुदत संपल्याचे, कळवते. चाचणीत लॉक बहुधा मोकळाच असतो, त्यामुळे ही चूक तेव्हा दिसत नाही.

दुसरा धोका याहून वाईट आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. एक थ्रेड काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल पोर्टने वजन वाचत असे, दुसरा पावती छापत असे, तिसरा डेटाबेसमध्ये नोंद करत असे, आणि वाहन क्रमांक व वजन असलेली 'चालू गाडी'ची नोंद तिघांच्या सामायिक वापरात होती. वाहन काट्यावर चढताच मी 'आता अधिक वीस सेकंद' अशी वेळ काढून ठेवत असे आणि पुढचे सर्व लॉक त्याच वेळेपर्यंत मागत असे. ही पद्धत मुळात चांगली आहे, कारण त्यामुळे तीन लॉकसाठी वीस-वीस सेकंद होऊन एकूण एक मिनिट लागण्याचा प्रसंग येत नाही. फक्त ही वेळ मी भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे संगणकाच्या दिनांक-वेळेची, घेतली होती.

एका रात्री वीज गेली आणि आली. त्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपलेला असल्यामुळे तो सुरू झाला तेव्हा त्याची तारीख कित्येक वर्षे मागची होती. रांग मोठी होती, म्हणून वजनाचे काम लगेच सुरू झाले. दोन-चार मिनिटांनी राउटर जागा झाला, संगणकाने इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली, आणि घड्याळ एका उडीत आजच्या तारखेला आले. त्या क्षणी काट्यावर जो ट्रॅक्टर उभा होता त्याची वीस सेकंदांची मुदत अचानक कित्येक वर्षांपूर्वी संपलेली ठरली. पावतीच्या थ्रेडने लॉक मागितला तेव्हा तो वाचणाऱ्या थ्रेडकडे होता, म्हणून फंक्शनने तत्काळ टाइमआउट कळवला. मी ते उत्तर तपासलेच नव्हते. लॉक मिळाला असे गृहीत धरून माझा कोड अर्धवट लिहिलेल्या नोंदीत शिरला आणि त्याने नव्या वाहनाचा क्रमांक व आधीच्या वाहनाचे वजन एकाच पावतीवर छापले. आधीचे वाहन बैलगाडी होते. पावती हातात घेऊन तो शेतकरी खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या दोन ट्रॉल्यांचं वजन एका बैलगाडीएवढं कसं हो?"

यात चुका दोन होत्या, आणि त्यांतली एकच असती तर पावती चुकली नसती. उत्तर न तपासण्याची चूक अर्थातच मोठी. घड्याळाची चूक टाळण्यासाठी मुदत नेहमी 'मोनोटोनिक' घड्याळावर मोजावी, म्हणजे असे घड्याळ जे फक्त पुढे सरकते आणि तारीख बदलली तरी उडी मारत नाही. पॉझिक्सचे मूळ टाइम्डलॉक हे भिंतीवरच्या घड्याळालाच बांधलेले आहे. लिनक्सवर जीलिबसी या सी ग्रंथालयाच्या २.३० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, 'पीथ्रेड म्युटेक्स क्लॉकलॉक' मिळते, ज्याला कोणते घड्याळ वापरायचे हे सांगता येते. २०२४ च्या पॉझिक्स आवृत्तीत ते प्रमाणातही आले आहे. सी++ मध्ये 'ट्राय लॉक अंटिल'ला 'स्टेडी क्लॉक'वरची वेळ द्यावी, 'सिस्टिम क्लॉक'वरची नव्हे. वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात हा मुद्दा पुस्तकी नाही.

मुदत संपली तर पुढे काय करायचे?

काय करायचे नाही हे आधी सांगतो: लॉकशिवाय पुढे जायचे नाही. लोंढा–मिरज रेल्वेमार्ग अनेक वर्षे एकेरी होता आणि समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला तिष्ठत बसण्याचा अनुभव आपल्याकडच्या जुन्या प्रवाशांना चांगला ठाऊक आहे. टोकनपद्धतीच्या एकेरी मार्गावर पुढच्या टप्प्याचे टोकन हाती आल्याशिवाय चालक गाडी हलवत नसे. अर्धा तास थांबलो, आता पुरे झाले, असे म्हणून कोणी बिनटोकनाची गाडी पुढे काढत नाही. टाइमआउटचा अर्थ 'तुझी पाळी आली' असा कधीच होत नाही.

मग उरतात चार वाटा. पहिली, ते काम सोडून देणे आणि मागणाऱ्याला 'सध्या शक्य नाही' असे स्वच्छ शब्दांत कळवणे. पडद्यावर काही सेकंदांत आलेला नकार हा गोठलेल्या पडद्यापेक्षा बरा असतो. दुसरी, लॉकशिवाय करता येण्यासारखे कमी दर्जाचे काम करणे, उदाहरणार्थ ताजे वजन न मिळाल्यास पडद्यावर मागचेच वजन 'जुने' अशी खूण करून दाखवणे. असे वजन पावतीवर छापायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. तिसरी, हातातले बाकीचे सर्व लॉक सोडून, थोडे थांबून, पहिल्यापासून पुन्हा प्रयत्न करणे. चौथी वाट टोकाची आहे: लॉक कधीच न मिळणे हे प्रोग्राम बिघडल्याचे लक्षण मानून सर्व थ्रेडची स्थिती फाइलमध्ये लिहून प्रोग्राम बंद करणे व नव्याने सुरू करणे. लोकांना ही वाट अतिरेकी वाटते. पहाटे तीन वाजता काट्याजवळ कोणी संगणकवाला नसतो, तेव्हा मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते.

तिसऱ्या वाटेचा साचा साधारण असा असतो:

प्रयत्न १ ते ५:
  लॉक-अ माग (मुदत २०० मिलिसेकंद). न मिळाल्यास थोडे थांबून पुढच्या प्रयत्नाला जा
  लॉक-ब माग (मुदत २०० मिलिसेकंद). न मिळाल्यास लॉक-अ सोड, थोडे थांब, पुढच्या प्रयत्नाला जा
  काम कर, लॉक-ब सोड, लॉक-अ सोड, यश कळव
पाचही प्रयत्न फसल्यास: नोंदवहीत (लॉग फाइलमध्ये) लिही आणि अपयश कळव

यातील 'थोडे थांब' म्हणजे दर वेळी वेगळा, यादृच्छिक कालावधी. तो सर्वांसाठी सारखा ठेवला तर काय होते, ते पुढच्या उत्तरात आले आहे.

मुदत लावली म्हणजे डेडलॉकची चिंता मिटली, हे खरे का?

नाही. १९७१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेडलॉकसाठी, म्हणजे थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकण्यासाठी, लागणाऱ्या चार अटी मांडल्या, त्या अभ्यासक्रमात सर्वांनी पाठ केलेल्या असतात: वस्तू एका वेळी एकाचीच असणे, हातातली धरून दुसरीची वाट पाहणे, हातातली बळाने काढून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ तयार होणे. मुदतीमुळे वाट पाहणे संपते, पण हातातला लॉक आपोआप सुटत नाही. टाइमआउट आल्यावर आधीचा लॉक धरून ठेवूनच तुम्ही पुन्हा दुसरा मागत राहिलात, तर डेडलॉक तसाच राहतो, फक्त प्रोसेसरही तापतो.

एका पतसंस्थेचा प्रोग्राम घ्या. एक थ्रेड खाते १०१ मधून २०५ मध्ये पैसे वळवतो आहे आणि त्याच क्षणी दुसरा २०५ मधून १०१ मध्ये. पहिल्याने १०१ चा लॉक घेतला, दुसऱ्याने २०५ चा, आणि आता दोघे एकमेकांच्या हाताकडे पाहत उभे आहेत. दोघांनाही दोनशे मिलिसेकंदांची मुदत असेल तर दोघे एकदम माघार घेतील, एकदम पुन्हा येतील आणि एकदम पुन्हा अडकतील. याला लाइव्हलॉक म्हणतात: सगळे धावपळ करतात, काम कोणाचेच होत नाही. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरत राहतात, तसाच हा प्रकार. थांबण्याचा कालावधी यादृच्छिक ठेवला की ही जोडी लवकर फुटते.

खरा इलाज मात्र मुदतीत नाही, क्रमात आहे. ज्याचा खातेक्रमांक लहान त्याचा लॉक आधी, असा नियम सर्व थ्रेडनी पाळला तर वर्तुळ तयारच होत नाही. दोघेही आधी १०१ मागतील, एकाला मिळेल, दुसरा सुरुवातीलाच थांबेल. सी++१७ मधील 'स्कोप्ड लॉक'ला अनेक म्युटेक्स एकत्र दिले तर डेडलॉक टाळून ते घेण्याचे काम तो स्वतःच करतो. क्रम पाळूनही मुदत ठेवावी ती अज्ञात चुकांसाठी, क्रम न पाळण्याची सबब म्हणून नव्हे.

मुदत किती ठेवावी?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. लॉक धरून होणारे काम सामान्यतः किती वेळ चालते हे आधी मोजावे, गर्दीच्या वेळी रांगेत किती थ्रेड असतील याचा अंदाज घ्यावा, आणि आपल्याला काम सांगणारा स्वतः किती वेळ थांबणार आहे ते पाहावे. वापरणारा दहा सेकंदांत कंटाळून बटण पुन्हा दाबणार असेल तर आत तीस सेकंदांची मुदत ठेवणे व्यर्थ आहे, कारण ज्याच्यासाठी थांबलो तो केव्हाच निघून गेलेला असतो.

डेटाबेसच्या मूळ सेटिंगा पाहिल्या तरी याविषयी एकमत नाही हे लक्षात येते. मायएसक्यूएलचे इनोडीबी ओळीच्या लॉकसाठी मुळात ५० सेकंद थांबते. पोस्टग्रेसमध्ये लॉकची मुदत मुळात ० असते, म्हणजे बंद असते, आणि त्याऐवजी एक सेकंद थांबल्यावर डेडलॉक आहे का हे तपासले जाते. इनोडीबीच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: टाइमआउट आल्यावर मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचे विधान (स्टेटमेंट) मागे घेतले जाते, संपूर्ण व्यवहार (ट्रान्झॅक्शन) नव्हे. आधी घेतलेले लॉक तसेच राहतात. संपूर्ण व्यवहार मागे घेण्याचे काम तुमच्या प्रोग्रामने करायचे असते, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, मुदत संपल्यावर काय.

तीन सेकंद सांगितले तर नेमके तीनच सेकंद लागतात का?

मुदत ही कमीत कमी किती थांबायचे याची असते. वेळ संपल्यावर थ्रेड जागा होण्यास तयार होतो, पण प्रोसेसर मोकळा नसेल तर त्याला आणखी थांबावे लागते. मिलिसेकंदाच्या अचूकतेवर ज्याचे काम अवलंबून आहे त्याने साध्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असा भरवसा ठेवू नये.

पायथनमध्ये 'विथ' वापरताना टाइमआउट कसा द्यायचा?

थेट देता येत नाही. 'विथ लॉक' असे लिहिले की थांबणे अमर्याद होते. 'अक्वायर'ला टाइमआउट देऊन आलेले उत्तर तपासावे, आणि ते खरे असेल तरच 'ट्राय'मध्ये काम करून 'फायनली'मध्ये लॉक सोडावा. टाइमआउटच्या जागी उणे एक दिल्यास 'कितीही थांब' असा अर्थ होतो. 'थांबू नको' आणि 'इतके सेकंद थांब' ही दोन्ही एकाच वेळी सांगितली तर पायथन चूक दाखवतो, आणि ते रास्तच आहे.

टाइमआउट आल्यावरही शेवटी अनलॉक करावा लागतो का?

जो घेतलाच नाही तो सोडायचा कसा? तरीही ही चूक सर्रास होते, विशेषतः जावामध्ये. 'ट्रायलॉक' हा 'ट्राय'च्या आत लिहिला जातो आणि 'फायनली'मध्ये डोळे मिटून 'अनलॉक' असतो. लॉक मिळाला नसेल तर 'इल्लीगल मॉनिटर स्टेट' हा अपवाद फेकला जातो आणि मूळ कारण त्याखाली झाकले जाते. जावा निदान ओरडते. सी मधील साध्या म्युटेक्सवर दुसऱ्याचा लॉक सोडला तर काय होईल हे प्रमाणाने सांगितलेलेच नाही, आणि प्रत्यक्षात बहुधा तो निमूटपणे सुटतो. माझ्या काट्याच्या प्रोग्राममध्ये नेमके हेही झाले होते: पावतीच्या थ्रेडने वाचणाऱ्या थ्रेडचा लॉक सोडून दिला, आणि म्हणून नंतरच्या काही नोंदी हाताने तपासाव्या लागल्या. पॉझिक्समध्ये 'एररचेक' प्रकारचा म्युटेक्स घेतला तर ही चूक लगेच कळते. किमान विकासाच्या काळात तरी तोच वापरावा.

गो भाषेत म्युटेक्सला मुदत का नाही?

गोच्या मानक म्युटेक्समध्ये मुदत नाही आणि २०२२ च्या १.१८ या आवृत्तीपर्यंत ट्राय-लॉकही नव्हता. तो आला तेव्हाही त्याचा योग्य वापर क्वचितच असतो, अशी सूचना त्याच्या अधिकृत माहितीतच लिहिलेली आहे. गोची रीत वेगळी आहे: एकाच वस्तूची जागा असलेला चॅनल (कामांमधली देवाणघेवाणीची नळी) घ्यावा, त्यात वस्तू टाकता आली म्हणजे लॉक मिळाला, काढून घेतली म्हणजे सुटला. मग 'सिलेक्ट'मध्ये एका बाजूला हा चॅनल आणि दुसऱ्या बाजूला 'काँटेक्स्ट'चा समाप्तीचा संकेत ठेवला की मुदत आपोआप मिळते, आणि वरून काम रद्द झाले तर तेही कळते. मला ही मांडणी आवडते, कारण तिच्यात मुदत संपल्याची शाखा डोळ्यांसमोर उभी असते आणि ती रिकामी ठेवताना हात थबकतो.

ज्याच्याकडे लॉक आहे तोच मरून गेला तर?

एकाच प्रोसेसमधला (चालू प्रोग्राममधला) थ्रेड लॉक न सोडता संपला तर साधा म्युटेक्स कायमचा बंद राहतो आणि मुदतीमुळे इतरांना एवढेच कळते की तो मिळत नाही. अनेक प्रोसेसमध्ये सामायिक म्युटेक्स असेल तर पॉझिक्समध्ये तो 'रोबस्ट' करून घ्यावा. मग मालक मेल्यास पुढच्याला लॉक मिळतो, पण सोबत 'आधीचा मालक मेला' असा संकेतही मिळतो. विंडोजवर याच अर्थाचे 'अबँडन्ड' हे उत्तर येते. दोन्ही ठिकाणी लॉक तुमच्या हाती आलेला असतो. आतली माहिती मात्र अर्धवट असू शकते, ती आधी नीट करावी लागते. टाइमआउट आणि हा संकेत यांत गल्लत करू नये: पहिल्यात लॉक मिळालेला नसतो, दुसऱ्यात मिळालेला असतो.

मोठ्या प्राधान्याचा थ्रेड असूनही त्याची मुदत संपते, असे का?

बहुधा प्राधान्य उलटलेले असते. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाकडे म्युटेक्स होता, मोठ्या प्राधान्याचे काम त्याची वाट पाहत होते, आणि मधल्या प्राधान्याची कामे पहिल्याला प्रोसेसरच मिळू देत नव्हती. मोठे काम वेळेत पुरे झाले नाही की वॉचडॉग, म्हणजे कामे वेळेत होतात का यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, संगणक रीसेट करत असे. कोणतीही मुदत वाढवून हा दोष गेला नसता. म्युटेक्सवर प्राधान्यवारसा सुरू करण्यात आला, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते मिळू लागले, आणि रीसेट थांबले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या कंट्रोलरवर काम करणाऱ्यांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा; साध्या वेब प्रोग्रामवाल्यांना तो सहसा भेटत नाही.

टाइमआउटची शाखा तपासायची कशी? ती कधी येतच नाही.

मुद्दाम आणावी. चाचणीत एका थ्रेडने लॉक घेऊन पाच सेकंद झोपावे, दुसऱ्याने एका सेकंदाच्या मुदतीने तोच लॉक मागावा, आणि मग तीन गोष्टी पाहाव्यात: दुसऱ्याने सामायिक माहितीला हात लावला नाही ना, त्याने लॉक सोडण्याचा प्रयत्न केला नाही ना, आणि नोंदवहीत उपयोगी ओळ उमटली ना. नुसते 'टाइमआउट झाला' एवढेच लिहिलेली नोंद कोणाच्याच उपयोगाची नसते. कोणता लॉक, कोणी मागितला, किती वेळ थांबला, आणि शेवटचा तो कोणी घेतला होता, हे लिहावे. शेवटची गोष्ट बहुतेक भाषा स्वतः सांगत नाहीत, म्हणून लॉक मिळताच थ्रेडचे नाव एका वेगळ्या जागी लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. थ्रेड सॅनिटायझर आणि हेलग्राइंड ही साधने लॉकचा उलटसुलट क्रम डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याआधीच दाखवून देतात.

मुदत लावूच नये असे काही असते का?

एखादा मोजणारा आकडा एकने वाढवण्यासाठी जो लॉक क्षणभर घेतला जातो, ज्याच्या आत डिस्क, नेटवर्क किंवा दुसरा लॉक येत नाही, त्याला मुदत लावून प्रत्येक ठिकाणी अपयशाची शाखा लिहिणे हा निव्वळ पसारा आहे. तेथे साधा लॉक घ्यावा. तसेच, प्रोग्राम बंद होताना हिशेब डिस्कवर लिहिणारा शेवटचा टप्पा लॉक न मिळाल्यास काहीच करू शकणार नसेल, तर तेथील मुदत केवळ माहिती गमावण्याची वेळ ठरवते.

माझा प्रोग्राम लिनक्सवर चालतो, पण मित्राच्या मॅकवर टाइम्डलॉक सापडत नाही असे का येते?

मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'पीथ्रेड म्युटेक्स टाइम्डलॉक' दिलेलेच नाही, म्हणून तेथे प्रोग्राम लिंक होत नाही. ट्राय-लॉक आणि छोटी झोप यांचे चक्र लावून काम चालवता येते, पण त्यात प्रोसेसर वाया जातो आणि रांगेतला क्रम पाळला जात नाही. त्यापेक्षा साधा म्युटेक्स, 'व्यस्त आहे' असे सांगणारा एक झेंडा आणि मुदतीसह थांबू शकणारे कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला झोपवून संकेत मिळताच जागे करणारी सोय), अशी जोडणी करावी. ती दोन्हीकडे चालते. जागे झाल्यावर झेंडा पुन्हा तपासायला विसरू नये, कारण कंडिशन व्हेरिएबल विनाकारणही जागे करू शकते.